बाजूनं बघणारे चितारीकाका

चितारीकाका कुठलीही वस्तू समोरून बघायचेच नाहीत. आंबा असो, टेबल असो, नाहीतर माझ्या मुलीनं शाळेत केलेली लाकडी पेटी असो, आधी डोळ्यांच्या पातळीला धरायची, मान तिरकी करायची, एक डोळा बारीक करायचा आणि कडेनं नजर टाकायची. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मी नवंकोरं डायनिंग टेबल घेतलं होतं. सगळे पाहुणे म्हणाले, "वा, काय सुंदर टेबल!" हे गृहस्थ मात्र खाली उकिडवे बसले, गाल टेबलाच्या कडेला लावला आणि म्हणाले, "ताई, उजवीकडचा पापुद्रा सुटणार हो हा."

मला असा राग आला! मी नागपूरची. आमच्याकडे पाहुण्यानं यजमानिणीच्या टेबलाला नावं ठेवायची पद्धत नाही आणि ठेवलीच तर ऐकून घ्यायचीही नाही. म्हटलं, "काका, आधी जेवा, मग टेबलाची पत्रिका मांडा." ते मनापासून हसले आणि दोन वाट्या वरण ओरपलं. टेबलाचा पापुद्रा त्याच हिवाळ्यात सुटला. उजवीकडचाच.

काका सावंतवाडीचे. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या लाकडावर रंगकाम चालायचं. देव्हारे, लग्नातले पाट, गंजिफांच्या गोल पत्त्यांचे डबे, लाखेची फळं. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं. बायको गेल्यावर मुलानं, शरदनं, त्यांना अमेरिकेत, आम्ही राहायचो त्या जर्सी सिटीला आणलं. शरद आणि सून सकाळी सातला बाहेर पडायचे, नातवंडं शाळेतून आली की "हाय आजोबा" म्हणून टीव्हीसमोर बसायची. काका दिवसभर खिडकीशी. आमच्या मंडळाच्या गणपतीचं मखर त्यांनी रंगवलं, तेव्हा आमची ओळख झाली. नंतर एकदा त्यांचा फोन आला. "ताई, तुमच्या म्युझियममध्ये लाकडाचं काही काम असलं तर बघा. झाडायचंही चालेल."

मी तिथल्या ऑफिसात टायपिस्ट होते. म्युझियमचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला लाज नको. लाकडाचं काम नव्हतं, पण गार्डची जागा होती. निळा कोट, कमरेला बॅटरी, आणि दिवसभर उभं राहून लोकांना "प्लीज, नो टच" म्हणायचं. ऐंशी-पंच्याऐंशीच्या मधली ही गोष्ट. काका तेव्हा बासष्ट वर्षांचे असतील. त्यांना वरच्या मजल्यावरची शेवटची खोली मिळाली. तिथं कुणी फारसं फिरकायचं नाही म्हणून नव्या माणसाला तीच द्यायचे.

त्या खोलीत ती होती.

आपल्या देवघरातल्या तसबिरीएवढी लाकडी फळी. साडेसहाशे वर्षांपूर्वी इटलीतल्या कुणा चिताऱ्यानं रंगवलेली. मागं सगळं सोनं, पुढं निळं वस्त्र डोक्यावरून घेतलेली मेरी, आणि तिच्या कडेवर बाळ येशू. बाळानं आईचा पदर मुठीत घट्ट धरून ओढलेला. आईचं लक्ष बाळाकडे आहे, पण डोळे कुठंतरी लांब लागलेत. मी त्या चित्राच्या नावाची पाटी तीनदा टाइप केली होती आणि चित्राकडे धड एकदाही बघितलं नव्हतं. खरं तेच सांगते.

काकांनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव ठेवलं, म्हातारी. एवढी कोवळी पोर, आणि म्हातारी! मी विचारलं तर म्हणाले, "साडेसहाशे वर्षांची आहे. आणखी काय म्हणू?" त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत रोज म्हातारीचा बातमीनामा सुरू झाला. "आज म्हातारी खुशीत आहे." "आज म्हातारीला कोरड पडलीय, घसा सुकलाय तिचा." मी पोळी-भाजीचा डबा उघडत "हं, हं" करायची. आमच्या ऑफिसात निवडणुकीपेक्षा जास्त चर्चा म्हातारीच्या तब्येतीची असायची, आणि ती सगळी एकटे काकाच करायचे.

एकदा मी त्यांना त्या चित्राची माहिती मराठीत सांगितली. आधी फळी तासायची, तिच्यावर कापड चिकटवायचं, मग खडूची भुकटी सरसात कालवून थरावर थर द्यायचे, घासायचे, मग सोन्याचा वर्ख, आणि अंड्याच्या बलकात कालवलेले रंग. काकांचा घास हातात राहिला. "गे बाय माझे! ही तर आमचीच रीत. आम्ही सरसाच्या जागी चिंचोक्याची खळ घेतो, एवढंच." मग गालात हसून म्हणाले, "आणि अंडं आम्ही खातो. देवीला लावत नाही."

तेव्हापासून त्या अनोळखी इटालियन माणसाबद्दल ते जातभाईसारखं बोलायला लागले. "निळ्यात त्यानं हात आखडता घेतलाय बघा. महाग असणार." "कोपऱ्यात घासायचा कंटाळा केलाय लेकानं. माझा बाप असता तर कानफटात दिली असती." लोक ज्या चित्रापुढं आवाज खाली आणून बोलायचे, त्याच्या कर्त्याला काका खुशाल रागवायचे. मला त्यांचं ते फार आवडायचं.

चौकटीच्या खालच्या कडेला दोन काळे डाग होते, जळल्यासारखे. एक बाई आपल्या मुलाला सांगत होती, "बघ, किती निष्काळजीपणा! जाळलंय कुणीतरी." काकांना "केअरलेस" हा शब्द तेवढा कळला. ते पुढं गेले आणि आपल्या इंग्रजीत म्हणाले, "नो मॅडम. लॅम्प. मदर प्रेइंग, लॅम्प हिअर. एव्हरी डे." हाताची ज्योत करून त्या डागांखाली धरून दाखवली. मग बराच वेळ ती बाई त्या डागांकडेच बघत राहिली.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी एक काळे कपडे घातलेली इटालियन आजी यायची. ती चित्रापुढं इतकी जवळ उभी राहायची की नियमाप्रमाणे तिला मागं सारायला हवं होतं. काका तिला काही म्हणायचे नाहीत. कोट नीट करून हात मागं बांधून तिच्या बाजूला उभे राहायचे. तिचं पुटपुटणं संपलं की ती यांच्याकडे बघून मान हलवायची, हेही हलवायचे. दोघांची एक भाषा नाही, एक देव नाही. पण शुक्रवार चुकला की काका बेचैन व्हायचे.

आता जे सांगायचं आहे त्यात माझीच अब्रू जाते, पण सांगते.

दुसऱ्या हिवाळ्यात जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. म्युझियमचे लोखंडी हीटर दिवसरात्र तापत होते. हवेत ओलावा राखायचं यंत्र बिघडलं होतं आणि दुरुस्तीचा माणूस येतो येतो म्हणत होता. आमच्या ओठांना भेगा पडल्या. काकांचा बातमीनामा एकाच वाक्यावर आला, "म्हातारीचा घसा सुकलाय, ताई. कुणाला तरी सांगा." मी म्हटलं, "काका, माझाही सुकलाय. मी कुणाला सांगू?"

एका सकाळी मी कागदावर सही घ्यायला वर गेले. बघते तर चित्राखालच्या हीटरवर तांब्याचा तांब्या, पाण्यानं काठोकाठ भरलेला, आणि बाजूला ओला पंचा पसरलेला! बाप्पा! मी दार लोटून घेतलं. "काका, अहो हे काय मांडलंय? ही काय आपली देवी आहे? नोकरी जाईल!" ते काही बोलायच्या आतच मागून मिसेस हॅरिंग्टन आल्या. त्या आमच्या प्रमुख. अतिशय सुशिक्षित, अतिशय सभ्य बाई. तांब्या बघून त्यांचा चेहरा असा काही हळवा झाला की मला धडकीच भरली. त्या म्हणाल्या, "मिस्टर चितारी, तुमच्या श्रद्धेचा आम्ही मनापासून आदर करतो. पण इथं पूजा करता येणार नाही."

मी ते मराठीत सांगितलं. काकांनी तांब्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पूजा?" एवढंच म्हणाले. मी डोळ्यांनी दटावलं, गप्प बसा. ते गप्प बसले. दुपारी त्यांची बदली खालच्या मजल्यावर झाली. लोकांचे ओव्हरकोट टांगायची खोली. बदलीचं पत्र मीच टाइप केलं, एकही चूक न करता.

पुढच्या आठवड्यात मी डबा घेऊन तिकडे गेले. काका कोटांच्या रांगांमध्ये स्टुलावर बसून कुणाच्या तरी कोटाचं लोंबतं बटण शिवत होते. मी विचारलं, "काका, पूजा करायचीच होती तर घरी करायची ना?" त्यांनी सुई बाजूला ठेवली.

"ताई, हीटरवर पाणी ठेवलं की वाफ होते. आमच्याकडे नवा रंग दिलेला पाट उन्हाळ्यात तडकू नये म्हणून खोलीत ओले गोणपाट टांगतात. पूजा कसली?"

मी उघडलेला डबा पुन्हा झाकला. "मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्ही डोळे वटारलेत," ते म्हणाले. रागानं नाही हो. रागावले असते तर बरं झालं असतं. "आणि त्या बाईनं एवढ्या आदरानं सांगितलं. तिला मी काय म्हणू, की तुमचा आदर परत घ्या?"

बाईंनी न विचारता ठरवलं, ते एक वेळ समजू शकते. त्या कुठल्या, काका कुठले. पण मी? तांब्या आणि ओला पंचा बघून मीही देवच बघितला. नागपूरच्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत मी लहानाची मोठी झाले, आणि माझ्या डोक्यात हवा आली नाही, पूजा आली. कप्पाळ माझं.

फेब्रुवारीत बातमी आली की एका मोठ्या प्रदर्शनासाठी म्हातारी ट्रकनं दुसऱ्या शहरात जाणार. पाठवण्याआधी चित्राच्या प्रकृतीचा कागद करावा लागतो. आमच्याकडे चित्रांची दुरुस्ती करणारी नोरा नावाची तज्ज्ञ बाई होती, पण ती दुसऱ्या गावाहून वर्षातून तीनदा यायची. मिसेस हॅरिंग्टननी मागच्या वर्षीचा कागद पुढं केला, "हाच पुन्हा टाइप कर, तारीख बदल." मी टाइप केलं. शेवटचा शब्द होता, "स्टेबल". म्हणजे स्थिर, ठणठणीत, प्रवासाला हरकत नाही.

जेवताना मी सहज बोलून गेले. काका उठूनच उभे राहिले. "कोणी बघितलं तिला?"

"कुणी नाही."

"मग तुम्ही तो शब्द लिहिलात कसा?"

अस्सा राग आला मला! "मी लिहिला नाही, टाइप केला. तुम्हाला कोट टांगायचा पगार मिळतो, मला टायपिंगचा. माझ्यावर कशाला डाफरता?"

काका खाली बसले. मग हळूच म्हणाले, "उद्या दारं उघडायच्या आधी दहा मिनिटं वर या. फक्त दहा मिनिटं. नंतर काय म्हणाल ते म्हणा."

गेले मी. गेले ते भांडायच्याच तयारीनं. खोलीतले दिवे लागले नव्हते. काकांनी कमरेची बॅटरी काढली, भिंतीला टेकवली आणि चित्राच्या बाजूनं, अगदी कडेनं, उजेड सोडला. समोरून जिथं गुळगुळीत निळं वस्त्र दिसायचं, तिथं मेरीच्या खांद्यापासून बाळाच्या मुठीपर्यंत फोड आले होते. हो, फोडच. पापडाला येतात तसे. आतला खडूचा थर लाकडावरून सुटला होता आणि रंग नुसता अधांतरी उभा होता. एका जागी तर कडेला चीर होती.

"ट्रकच्या पहिल्या खड्ड्याला मूठ गळून पडेल," ते म्हणाले. "मग आईचा पदर सुटला."

मला रडूच आलं. त्या चित्राकडे मी खरं म्हणजे तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मी तशीच मिसेस हॅरिंग्टनकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कोणी बघितलं हे?" मी म्हटलं, मिस्टर चितारींनी. त्यांचा चेहरा पुन्हा तसाच हळवा झाला. "त्यांचा त्या चित्रावर फार जीव आहे, मला कळतं. परत आल्यावर नोरा बघेल ना." मी सांगत राहिले, पाण्याचा तांब्या पूजेचा नव्हता हेही सांगितलं, पण आता ते सारवासारव केल्यासारखं वाटत होतं. ट्रक दुसऱ्या दिवशी येणार होता.

सकाळी काका कोटांच्या खोलीत नव्हते. तळघरात होते, फ्रँककडे. फ्रँक म्हणजे चित्रांसाठी लाकडी खोकी बनवणारा आमचा सुतार. धिप्पाड, तिरसट, कुणाशी न बोलणारा माणूस. म्हातारीचं खोकं तयार होतं. मी सहीचे कागद घेऊन खाली गेले तेव्हा काका त्याच्याशी बोलत होते. बोलत होते म्हणजे काय, एका पातळ फळीवर त्यांनी घरून खडू आणि खळीचा थर देऊन आणला होता. त्यांनी ती फळी फ्रँकसमोर हीटरवर धरली. थोड्या वेळानं थर तडकला. काकांनी फळीला बोटानं टिचकी मारली. एक पोपडा उडून फ्रँकच्या बुटावर पडला.

"अप," काका वर बोट करून म्हणाले. "सेम. प्लीज लुक. साइड."

फ्रँकनं बुटावरचा पोपडा उचलला, चिमटीत चुरडला, वास घेतला. मग बॅटरी घेऊन जिना चढायला लागला. काका त्याच्या मागं, त्यांच्या मागं मी. वर दोन माणसं हातमोजे घालून चित्र उतरवायला उभी होती, मिसेस हॅरिंग्टन घड्याळ बघत होत्या. फ्रँकनं कडेनं उजेड टाकला. एकदाच. मग खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून बाकावर ठेवला.

"आय अ‍ॅम नॉट पॅकिंग दॅट," तो म्हणाला. "कॉल नोरा."

मिसेस हॅरिंग्टननी त्याच्या हातातली बॅटरी घेतली आणि स्वतः वाकून बघितलं. बराच वेळ वाकूनच होत्या. सरळ झाल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ट्रक रिकामा गेला.

नोरा तिसऱ्या दिवशी आली. म्हातारीला खालच्या कामाच्या खोलीत आडवं निजवलं, आणि पुढचे सहा आठवडे ती येऊन-जाऊन एकेका फोडाखाली सुईनं सरसाचा थेंब सोडत होती. नवा कागद मला टाइप करायला आला. त्यात लिहिलं होतं, "नेहमीच्या पाहणीत कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं." मी मिसेस हॅरिंग्टनना म्हटलं, नाव घालू या. त्या म्हणाल्या, "मलाही वाटतं गं, पण अशा कागदात गार्डचं नाव घालायची पद्धत नाही." ओशाळल्या होत्या. त्यांनी खाली जाऊन काकांची माफीही मागितली, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. वरच्या खोलीत परत या म्हणाल्या. काका म्हणाले, "थँक यू मॅडम. एप्रिल, आय गो होम."

खरंच त्यांचं तिकीट आलं होतं. शरदनं खूप समजावलं, पण सावंतवाडीच्या घराला कुलूप लागलेलं त्यांना बघवत नव्हतं. मी विचारलं, "म्हातारीला टाकून जाणार?" तर म्हणाले, "तिच्याकडे फ्रँक आहे. आता तो रोज बाजूनं बघतो."

जायच्या दोन दिवस आधी नोरानं मला फोन केला. "तुमच्या त्या कोटवाल्यांना खाली घेऊन या." काका आले ते साधा स्वेटर घालून, निळा कोट त्यांनी सकाळीच परत केला होता. चित्र चौकटीतून बाहेर काढलेलं, टेबलावर उशीवर ठेवलेलं. नोरा बाजूला सरकली आणि म्हणाली, "हात लावा. उचला हवं तर."

दोन वर्षं ज्या माणसानं अख्ख्या जगाला "नो टच" सांगितलं, तो माणूस आधी बेसिनपाशी गेला. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. परत आला तो टेबलापाशी येऊन थांबला. मला वाटलं, आता पाया पडणार. बघा, माझी खोड अजून गेली नव्हती. काकांनी बोटानं खूण केली, पालथं करा.

नोरानं चित्र हलकेच पालथं घातलं. मागं काही नव्हतं. नुसती काळपट, किड्यांनी पोखरलेली, उघडी फळी. काकांनी डोळे मिटले आणि तळहात तिच्यावर टेकवला. हळूहळू वरून खाली फिरवला, मग बोटांच्या टोकांनी आडवा. लहान मूल झोपलंय की नाही बघताना पाठीवरून हात फिरवतात, तसा.

"तासणारा डावखुरा होता," ते डोळे मिटूनच म्हणाले. "ओरखडे सगळे उलटे आहेत."

मी ते इंग्रजीत सांगितलं. नोरानं वाकून भिंग लावून बघितलं, मग कागद ओढला आणि मला म्हणाली, "त्यांच्या पूर्ण नावाचं स्पेलिंग सांग. हे मी त्यांच्या नावानं लिहिणार आहे."

मी सांगितलं. काकांना कळलं नाही. तोवर त्यांनी फळीला कान लावला होता आणि नखानं तीन-चार ठिकाणी टिचकी मारून ऐकत होते. मग उठले, स्वेटरची बाही खाली केली आणि माझ्याकडे वळले.

"ताई," ते म्हणाले, "आता टाइप करा तो तुमचा शब्द."